इंजिनच्या रबर सीलला कोणता गोंद? ट्यूब विकण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



ऑटो स्पेअर्सचं दुकान किंवा छोटं गॅरेज सुरू करताय? मग हे वाक्य काउंटरवर वारंवार ऐकू येणार: "टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय, एखादी चांगली ट्यूब द्या." हाताला येईल ती ट्यूब दिलीत तर ट्यूबचे पैसे मिळतील, पण गळती परत सुरू झाली की गिऱ्हाईक गेलंच समजा. म्हणून आधी विचारा.

१. सील कुठला आहे?
ओ-रिंगला आणि ऑइल सीलच्या लिपला गोंद लागतच नाही. रबर नीट दाबलं गेलं की तेच गळती थांबवतं. बसवताना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं, बस्स. टॅपेट कव्हरचं रबर पॅकिंगही बहुतेक गाड्यांत कोरडंच बसतं. फक्त टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात त्या सांध्यावर आरटीव्ही सिलिकॉनचा छोटा ठिपका लावतात. जुनं रबर कडक झालं असेल तर त्यावर सिलिकॉन थापून उपयोग नाही, नवीन पॅकिंगच घालायला सांगा.

२. तिथे ऑइल आहे, कूलंट की पेट्रोल?
ऑइलसाठी पाकिटावर 'सेन्सर सेफ' आणि ऑइलला चालतं असं लिहिलेलं आरटीव्ही द्या. कूलंटसाठीही पाकीट वाचूनच द्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन धातूला गंज आणू शकतं, त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर बिघडवू शकते. पेट्रोल असेल तिथे साधं सिलिकॉन फुगतं, ते देऊच नका. चपला चिकटवायचं रबर सोल्युशनही इंजिनात टिकत नाही.

३. गाडी कधी हवी आहे?
सिलिकॉनवर साय थोड्याच वेळात धरते, पण आतून पूर्ण पक्कं व्हायला साधारण २४ तास लागतात. "गाडी उद्या घेऊन जा" हे सांगायची हिंमत ठेवा. आणि लावायची जागा आधी तेलकट राहता कामा नये.

सगळ्यात महागात पडतं ते जास्त लावणं. आतल्या बाजूला आलेला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर ऑइल वर चढत नाही आणि इंजिन जाम होऊ शकतं. तेव्हा नाव मेकॅनिकचं खराब होतं, आणि तो मेकॅनिक तुमच्या दुकानात पुन्हा येत नाही.

"तुम्हाला ट्यूब नको, पॅकिंग बदला" असं खरं सांगणारा दुकानदार मेकॅनिकच्या लक्षात राहतो. पुढच्या वेळी तो पूर्ण यादी घेऊन तुमच्याकडेच येतो. धंदा तिथूनच वाढतो.