रांगेमागील गणित

दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी आलेल्या शेतमजुराचा खिडकीसमोर गेलेला प्रत्येक तास त्याच्या मजुरीतून वजा होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नियत कालमर्यादेत मिळण्याचा हक्क नागरिकांस लाभला आहे. परंतु ही मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते; त्यापूर्वी रांगेत गेलेला वेळ तीत धरला जात नाही. म्हणून रांग का लांबते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास टेलिफोनच्या निमित्ताने सुरू झाला. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ व १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून या शास्त्राचा पाया घातला.

एका अर्जास सरासरी ५ मिनिटे लागतात असे मानू. म्हणजे खिडकीची क्षमता तासाला १२ अर्जांची झाली. लोकांचे येणे आणि प्रत्येक कामास लागणारा वेळ अनियमित असेल, तर सर्वसाधारण सूत्रानुसार तासाला ९ लोक आल्यास प्रत्येकास सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. १० आल्यास २५, तर ११ आल्यास ५५ मिनिटे! माणसे दोनच वाढली. प्रतीक्षा मात्र जवळजवळ चौपट झाली. याचे कारण असे की, कोणी न आल्याने वाया गेलेली मिनिटे पुढील गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. तेव्हा कर्मचाऱ्याची थोडी मोकळी मिनिटे हा आळस नव्हे. तीच रांग आटोक्यात ठेवतात.

उपायही याच गणितातून निघतात. तासाला ११ लोक येणाऱ्या दोन स्वतंत्र खिडक्यांसाठी एकच सामाईक रांग केल्यास ५५ मिनिटांची प्रतीक्षा सुमारे २६ मिनिटांवर येते. कागदपत्रांची आगाऊ तपासणी करून प्रत्येक अर्जामागे अवघे अर्धे मिनिट वाचविले, तर एकाच खिडकीवरील प्रतीक्षा सुमारे २१ मिनिटांपर्यंत उतरते.

प्रत्यक्ष मोजणीही सोपी आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, रांगेतील सरासरी संख्येस दर तासाला येणाऱ्यांच्या संख्येने भागले की सरासरी प्रतीक्षा मिळते. रांगेत सरासरी ५ जण असतील व तासाला १० येत असतील, तर प्रतीक्षा अर्ध्या तासाची. आठवडाभर अशी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयास किंवा ग्रामपंचायतीस आपली रांग कोठे अडते, हे निश्चित कळू शकेल.