टाळूवरचा हात, बाहुलीवरचा उजेड

वऱ्हाडात लेकराची टाळू भरणं हे आजीचं काम. कोमट तेल बोटांनी जिरवताना तिला रोज कळत असतं, टाळू नेहमीसारखी आहे, की जुलाबानं खोल गेली आहे. रडं थांबल्यावर, लेकरू उभं धरल्यावरही ती ताठ आणि फुगलेली लागली, तर कवटीच्या आत दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. नांदगाव खंडेश्वरच्या गावखेड्यात सीटी स्कॅनचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाही हे जाणणारे हात घरोघर होते. दवाखान्यात मात्र त्या आजीला कुणी काही विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

वैद्यकालाही ही गोष्ट कळायला वेळ लागला. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 साली मांडलं की कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. केली यांनी 1824 मध्ये त्याला दुजोरा दिला. मेंदूभोवतीच्या पाण्याचा हिशेब पुढे जमेस धरला गेला. आत गाठ, सूज किंवा रक्त वाढलं की आधी पाणी आणि रक्त जागा देतात; ती सोय संपली की दाब झपाट्यानं चढतो. निजलेल्या प्रौढ माणसात तो साधारण 7 ते 15 मिलिमीटर पारा असतो. 1851 मध्ये डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र आलं, आणि 1860 मध्ये फॉन ग्रेफे यांनी दृष्टीच्या नसेच्या मुळाशी आलेली सूज मेंदूच्या आजाराशी जोडली. पण ही सूज दिसायला वेळ लागतो. डोळा आतून ठीक दिसला म्हणून दाब नाही, असं म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वे कुशिंग यांनी दाखवलं की दाब फार वाढला की रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वास बिघडतो. हे त्रिकूट पाठ करून डॉक्टर झालेल्या पिढ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: ही लक्षणं उशिराची आहेत. त्यांची वाट पाहू नये.

कवटीतल्या या दाबाची आपल्या विदर्भानं भारी किंमत मोजली आहे. 1965 साली नागपूरच्या चांदीपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेल्या विषाणूला त्या जागेचं नाव मिळालं. पुढे बरीच वर्षं तो फारसा चर्चेत नव्हता. 2003 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र आणि महाराष्ट्रात तो मेंदूला सूज आणत लहान मुलांवर तुटून पडला. एकट्या आंध्रात 329 मुलं आजारी पडली, 183 दगावली. ताप, उलट्या, झटके आणि मग बेशुद्धी, असा सगळा खेळ एक-दोन दिवसांचा.

मोठ्यांमध्ये मला सर्वांत घात करणारी वाटते ती डोक्याच्या माराची गोष्ट. गाडीवरून पडलेला माणूस उठतो, नाव सांगतो, चहा घेतो. घरचे म्हणतात, "निजू द्या त्याले, थकला असन." आत रोहिणी फुटून कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असतं. डोकं वाढत्या जोरानं दुखतं, पुन्हा पुन्हा उलटी होते, बोलणं विसंगत होतं. मग एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि टॉर्चच्या उजेडाला आक्रसत नाही. हे सांगायला टॉर्च पुरतो. शुद्ध मोजायला 1974 पासून ग्लासगो कोमा स्केल आहे: डोळे उघडणं, बोलणं, हालचाल, एकूण गुण 3 ते 15. तासातासानं मोजलं आणि आकडा उतरला, की धोका कळतो.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो, त्यामुळे असा रुग्ण नागपूरला नेण्याची वाट सोपी झाली. पण गाडी निघेपर्यंतचा वेळ घरातच जातो. तोवर डोकं अंगापेक्षा वर, मान सरळ, काही पाजायचं नाही. सोबतच्या चिठ्ठीवर बाहुल्यांची नोंद हवी, आणि रुग्ण शेवटचं नीट बोलला तेव्हा किती वाजले होते, हेही.