खेळ खेळणं वेगळं, खेळ बनवणं वेगळं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बसमध्ये गोंगाट असेल, इअरफोन घरी राहिले असतील, तर निवांत वाचा.

सुरुवात एका ओळखीच्या खेळापासून करू. 'व्यापार' तुम्ही खेळलाच असाल. फासे टाकायचे, शहरं विकत घ्यायची, दुसऱ्याकडून भाडं वसूल करायचं. या खेळाचं मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट मिळवलं. त्यांना लोकांना एक गोष्ट पटवायची होती. ज्याच्या हातात जमीन, त्याच्याकडे पैसा गोळा होत जातो आणि भाडं भरणारा कंगाल होतो. बाईंनी त्यासाठी खेळाचे नियम लिहिले. खेळणाऱ्याचा खिसा रिकामा झाला की मुद्दा आपोआप कळतो!

आता विचार करा. तो खेळ खेळायला अर्थशास्त्र येण्याची गरज नाही. पण तो बनवायला? तिथे विषय पक्का कळलेला असावाच लागतो. म्हणूनच काही शिक्षक धडा संपल्यावर मुलांना सांगतात, "उत्तरं लिहू नका. या धड्यावर एक कोडं किंवा खेळ बनवून आणा."

चुकीचा पर्याय लिहून बघा

हे ऐकायला सोपं वाटतं. एक छोटं उदाहरण घेऊ. प्रश्न आहे, 1/2 + 1/3 किती? बरोबर उत्तर 5/6. आता तुम्हाला एक चुकीचा पर्याय द्यायचाय. कोणी 50 लिहील. त्याला कोणीच फसणार नाही. पण जी मुलगी 2/5 लिहिते, तिला काहीतरी जास्त कळलंय. वरचे अंक वेगळे मिळवायचे, खालचे वेगळे मिळवायचे, ही चूक अनेक जण करतात हे तिला माहितीये. दुसरा कुठे घसरेल हे ओळखायला आधी ती वाट स्वतः नीट चाललेली असावी लागते. हे पाठांतराने जमत नाही.

नियमातच धडा हवा

दुसरं उदाहरण अन्नसाखळीचं. गवत, टोळ, बेडूक, साप, घार. यावर शब्दकोडं केलं तर काय होतं? पाच नावं आठवतात, बस्स. सापशिडी काढून प्रत्येक घरात एक प्रश्न लिहिला, तरी खेळ सापशिडीचाच राहतो. प्रश्न नुसता टोलनाक्यासारखा मधे उभा. पैसे भरा, पुढे चला.

आता नियमच असा करा की एका पायरीवरून पुढच्या पायरीला साधारण 10 टक्केच ऊर्जा जाते. गवताकडे 1000 गुण, तर टोळाला 100, बेडकाला 10, सापाला 1. घारीला? फक्त 0.1! घारीला एक पूर्ण गुण मिळवायचा तर गवताचे 10,000 गुण लागतात. आकाशात घारी मोजक्या का आणि माळावर गवत अफाट का, हे खेळताखेळता समजतं. आणि ज्याने चुकून अर्धी ऊर्जा पुढे पाठवली, त्याच्या खेळात घारीच घारी होतात. मित्र खेळायला बसले की गडबड लगेच उघडी पडते. लाल पेनची गरजच नाही.

बॉस्टनच्या एका शाळेत यास्मिन काफाई या संशोधिकेने हेच करून पाहिलं. चौथीच्या 16 मुलांनी जवळपास सहा महिने 'लोगो' या संगणक भाषेत खेळ बनवले. तिसरीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे, हे उद्दिष्ट. 1995 मध्ये यावर त्यांचं पुस्तक आलं. गंमत म्हणजे तिथेही बहुतेक खेळ टोलनाक्यासारखेच झाले. अपूर्णांकाचं उत्तर द्या आणि पुढे जा. म्हणजे नियमातच धडा बसवणं खरंच अवघड आहे. पण ते जमतंय की नाही, यावरूनच मुलाला किती कळलंय ते दिसतं.

मग मार्क कसे द्यायचे?

खरी अडचण इथे आहे. आपल्याकडे प्रोजेक्ट म्हटलं की थर्माकोल, चमकी आणि रात्री अकराला जागणारी आई. वर आता एआयला सांगितलं की मिनिटात शब्दकोडं तयार! सजावटीला मार्क दिले तर ज्याच्या घरी पैसा आणि वेळ आहे तोच जिंकणार. म्हणजे पुन्हा 'व्यापार'चाच खेळ झाला की!

यावर उपाय तसे साधे आहेत. खेळ वर्गातच बनवायचा, वहीच्या पाठकोऱ्या कागदावर. सोंगट्या म्हणून चिंचोके किंवा बाटल्यांची झाकणं चालतील. मग दुसऱ्या गटाने तो खेळायचा. खेळ कुठे अडला ते बनवणाऱ्याने लिहायचं, नियम सुधारायचा. शेवटी शिक्षकांनी दोनच प्रश्न विचारायचे: हा नियम का ठेवलास? आणि पहिल्या खेळानंतर काय बदललंस? उसना खेळ आणणारा इथे अडखळतो. आणि जिला लिहिताना शब्द सुचत नाहीत पण विषय कळलाय, ती मुलगी इथे धडाधड बोलते. तीन तासांच्या पेपरात ती कधी दिसलीच नसती.

लेखी परीक्षा बंद करा, असं मी म्हणत नाहीये. सूत्र पाठ हवं, व्याख्या यायला हवी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणितासाठी कोडी आणि खेळ नियमित वापरायला सांगितलंय. पण तयार कोडी सोडवून घेणं ही अर्धीच वाट झाली. उरलेली अर्धी म्हणजे कोडं मुलांच्या हातात देणं.

तुम्ही कॉलेजात असाल, स्पर्धा परीक्षा देत असाल, तरी हे आजच करून बघा. जो धडा 'झालाय' असं वाटतं, त्यावर एकच प्रश्न तयार करा आणि त्याला तीन असे चुकीचे पर्याय द्या, की तुमचा हुशार मित्र क्षणभर तरी थबकेल. तीन सुचले, तर धडा झाला. नाही सुचले, तर पुस्तक परत उघडा. पेपरच्या आधी कळलं हे बरंच ना!

भेटू पुढच्या भागात.