वसतिगृह कोणाच्या मालकीचे?

महाराष्ट्रातली बरीचशी जुनी विद्यार्थी वसतिगृहे विद्यापीठांची नाहीत. समाजांनी देणग्या जमवून ती उभारली. ही परंपरा कोल्हापूरची. १९०१ साली शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगे सुरू झाली. खेड्यातल्या मुलाची शहरात खायची-राहायची सोय झाली, तरच तो शिकणार होता.

ज्याच्या हाती वसतिगृह, त्याच्या हाती मुलांचे वागणेही असे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जैन बोर्डिंगात राहणारे विद्यार्थी भाऊराव पाटील गेले. परतल्यावर बोर्डिंगात त्यांना आंघोळ करूनच जेवायला बसण्याचे फर्मान निघाले. त्यांनी ते साफ नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले.

मालकीचा हाच प्रश्न परदेशातही येतो. अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी या विद्यार्थी-मंडळांची घरे अनेकदा माजी सदस्यांच्या संस्थांच्या मालकीची असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाने २००३ मध्ये ती आपल्याला विकावीत असा आग्रह धरला. जबरदस्तीने घर घेता येत नव्हते, पण न विकणाऱ्या मंडळाची मान्यता जाणार होती आणि विद्यार्थीच राहणार नसतील तर घराचा उपयोग काय? डेल्टा कप्पा एप्सिलॉन या मंडळाने नकार देऊन कोर्ट गाठले; तिथे दाद मिळाली नाही.

आपल्याकडे दबाव येतो तो जमिनीच्या भावाचा. अशा वेळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६ आड येते. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची मिळकत विकता येत नाही. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक भाड्यानेही त्या परवानगीशिवाय देता येत नाही. व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे, हे दाखवावे लागते. विश्वस्त हे मालक नव्हेत, राखणदार आहेत, हीच या कलमामागची भूमिका, आणि ती रास्त आहे.

पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या विक्रीला २०२५ मध्ये आधी परवानगी मिळाली होती. आवारात जैन मंदिरही आहे. समाज आणि माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, बांधकाम व्यावसायिकाने माघार घेतली आणि ऑक्टोबरअखेर धर्मादाय आयुक्तांनी व्यवहार रद्द ठरवला.