एका एकरातील धान्यकोठार

जळकोटच्या माळावर भाद्रपदात पावसाने ओढ दिली, म्हणजे सोयाबीन माना टाकते, आणि त्याच वावरात चार काकरांपलीकडे तूर मात्र टवटवीत उभी असते, हे कसे घडते? सोयाबीनची बहुतेक मुळे वरच्या थरातच पसरतात, उलट तुरीचे सोटमूळ मुरमाच्या फटींतून खोल उतरून, दुष्काळात घरधन्याने पेव उघडावे तसे, तळच्या ओलाव्यास हात घालते. फुलोऱ्याआधी तुरीचे एखादे रोप हळूच उपटून पाहावे; मुळांवर बारीक गाठी दिसतात आणि नखाने फोडल्यास आत गुलाबी छटा आढळते. या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पकडून रोपास पुरवितात, आणि पाने-मुळे कुजल्यावर त्याचा काही हिस्सा पुढील ज्वारीच्या वाट्यास येतो.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील स्त्रियांना संघटित करणाऱ्या, प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने डाळी आणि ज्वारीची अशी सांगड घालण्याच्या जाणत्या रीतीवर ‘एक एकर’ नमुना शेती उभी केली: घरच्या रानापैकी अर्धा-एक एकर बाईच्या हवाली, आणि त्यात शेणखतावर ज्वारी, डाळी, भाजीपाला. २०१७ साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. नत्राचे गणित थोरच. तथापि, सातबाऱ्यावर जिचे नाव सहसा नसते, तिने काय पेरावे हे ठरविण्याचा अखत्यार तिलाच मिळावा, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. उरलेल्या रानात बाजारासाठी सोयाबीन खुशाल पेरावे.