ठकठक ऐका, मग कॅमेरा उचला

फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी पुणे विद्यापीठाच्या आवारात, ठाण्याच्या येऊरमध्ये किंवा नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर थोडा वेळ गप्प उभे राहिले, तर वरच्या फांद्यांतून ठकठक कानावर पडण्याची शक्यता बरीच असते. सुतार पक्षी बहुतेकदा आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. त्याच्या आवाजांतला फरक ओळखता आला की शोधाचे निम्मे काम तिथेच होते.

थांबत-थांबत, कमी-जास्त जोराने येणारी टकटक म्हणजे जेवण चालू आहे. सालीखालच्या अळ्या आणि मुंग्या काढण्यात गुंतलेला पक्षी एकाच खोडावर बराच वेळ रमतो, त्यामुळे फोटोसाठी हा आवाज सर्वांत कामाचा. एका दमात, सारख्या लयीत वाजणारी ‘टर्रर्र’ मात्र वेगळी. चांगली घुमणारी वाळकी फांदी हेरून केलेले ते वादन असते. हद्द जाहीर करायला आणि जोडीदाराला बोलवायला इतर पक्षी गातात, सुतार लाकूड वाजवतो. तिसरा आवाज गळ्यातला. कुणीतरी खिदळावे तशी कर्कश साद देत पक्षी वरखाली हेलकावे घेत निघून जातो.

महाराष्ट्रातल्या बागांमध्ये सर्वांत सहज भेटतो तो सोनपाठी सुतार. लांबी २६ ते २९ सेंटिमीटर, पाठ सोनेरी पिवळी, गळा काळा आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके. नर-मादी ओळखायला डोके पाहायचे. नराचा माथा आणि तुरा पूर्ण लाल असतो. मादीचा तुरा लाल, पण कपाळ काळे आणि त्यावर पांढरी टिंबे. बाभळी-बोरींच्या कोरड्या माळावर मराठा सुतार दिसतो. आकाराने बराच लहान, अंगावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी आणि पोटावर लाल डाग. जॉन लॅथम यांनी १८०१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नावातच ‘महारत्तेन्सिस’ घातले. चिमणीएवढा पिटुकला सुतार पानांआड असतो, तो नजरेतून सुटतोच. कर्नाळ्यासारख्या जंगलात पाठीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला छोटा सुतार भेटतो. गोव्यातल्या मोलेच्या जंगलात नशीब असेल, तर जवळजवळ अर्धा मीटर लांबीचा, पांढऱ्या पोटाचा काळा सुतारही दर्शन देतो.

पक्षी सापडला तरी फोटो मिळेलच असे नाही. माणसाची चाहूल लागली की सुतार उडून जाण्याआधी खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. त्याच्या मागे झाडाभोवती फेरी मारणारा छायाचित्रकार हमखास फसतो, कारण पक्षीही तितकाच फिरतो. त्यापेक्षा जागेवर थांबावे. दोन बोटे पुढे आणि दोन मागे असलेल्या पायांनी साल पकडून, ताठ शेपटीचा आधार घेत तो झटक्या-झटक्याने वर चढतो. शेंड्याकडे पोहोचला की उडतो आणि शेजारच्या झाडाच्या बुंध्याजवळ उतरून पुन्हा चढू लागतो. हा क्रम लक्षात आला की कॅमेरा पुढच्या झाडावर रोखून बसता येते. शेपटीची मधली दोन पिसे या पक्ष्याला इतकी मोलाची असतात, की बाकीची नवी पिसे वाढेपर्यंत ती गळतच नाहीत.

प्रकाशाचेही गणित आहे. पांढरट आकाशासमोरचा पक्षी काळा ठिक्कर येतो, तिथे एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावे लागते. उलट, थेट उन्हात सोनेरी पाठीचा तपशील उडून जातो, तेव्हा ते कमी करावे लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात सालीचा खडबडीतपणा आणि पिसांचा रंग दोन्ही उठून दिसतात.

खरी परीक्षा चोचीच्या घावाची. कॅलिफोर्नियातल्या एकॉर्न सुताराचे अतिवेगवान चित्रण करून फिलिप मे आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मोजमाप केले. चोच लाकडावर आदळताना वेग सेकंदाला सहा ते सात मीटर, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास होता. हाच वेग धरला तर शटर १/५०० सेकंद उघडे असताना चोच जवळपास दीड सेंटिमीटर सरकते आणि फोटोत फराटा उमटतो. १/२००० ला हे अंतर साडेतीन मिलिमीटरवर येते, १/४००० ला दोनच्याही खाली. प्रकाश तेवढा नसेल तर एक पळवाट आहे. डोके पूर्ण मागे गेल्यावर दिशा बदलताना क्षणभर थबकते. सलग फोटो काढत राहिले, तर त्या क्षणाची एखादी फ्रेम कमी शटरवेगातही स्पष्ट येते.

असे घाव दिवसभर घालूनही या पक्ष्याचा मेंदू शाबूत कसा राहतो? मे आणि इव्हान श्वाब यांना याच प्रश्नावरील कामासाठी २००६ चे इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले. कवटीत धक्का शोषणारी स्पंजासारखी रचना असते, हे उत्तर पुस्तकांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हान वासेनबर्ग यांच्या गटाने २०२२ मध्ये ते खोडून काढले. तीन जातींच्या सुतारांच्या चित्रफिती चित्रागणिक तपासल्यावर दिसले की चोच आणि कवटी एकाच वेळी, एकाच प्रमाणात थांबतात. म्हणजे धक्का मध्ये कुठे जिरत नाही. डोके कडक हातोड्यासारखेच वागते, आणि ते बरेच आहे. धक्का शोषला गेला असता तर तेवढेच लाकूड फोडायला पक्ष्याला आणखी जोर लावावा लागला असता. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान आकारामुळे. या गटाच्या हिशेबानुसार, इजा व्हायला घावाचा वेग दुप्पट किंवा लाकूड चौपट कडक असावे लागेल.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये डाउनी सुतारांच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोके, मान, पोट आणि शेपटीचे स्नायू एकत्र आवळून पक्षी शरीर ताठ करतो आणि प्रत्येक घावाबरोबर श्वास सोडतो, असे त्यात आढळले.

सगळ्यांत मोह होतो तो घरट्याच्या फोटोचा, आणि तोच टाळायला हवा. सोनपाठी सुताराचा विणीचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जुलै. ढोलीच्या तोंडाशी माणूस ताटकळत राहिला तर पालक पिल्लांना भरवायला येत नाहीत, आणि घरट्याचा पत्ता कावळ्यांनाही कळतो. मोबाइलवर सुताराचा आवाज वाजवून त्याला बोलावणेही तितकेच वाईट. हद्दीत घुसखोर आला असे समजून तो खाणे सोडून धावत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे.

सुताराने दरवर्षी नव्याने खोदलेल्या ढोल्या पुढे पोपट, साळुंकी, दयाळ यांच्या उपयोगी पडतात, कारण ते सहसा स्वतः लाकूड पोखरत नाहीत. तांबट आपली ढोली स्वतः खोदतो, पण त्यालाही मऊ पडलेले वाळके लाकूडच लागते. शहरात नेमके हेच लाकूड आधी जाते. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे ऐन विणीत.

महाराष्ट्रातल्या शहरांत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. मात्र एखाद्या वाळक्या फांदीबद्दल कुणी विचारतही नाही, ती सोसायटीच्या बैठकीत दोन मिनिटांत निकालात निघते. यंदा तो विषय निघेल तेव्हा, रस्त्यावर, गाड्यांवर किंवा विजेच्या तारांवर पडण्याचा धोका नसलेली एखादी वाळकी फांदी, निदान उभा बुंधा तरी राखावा, असा आग्रह जरूर धरा. आणि करवत लागण्याआधी दुर्बिणीतून वर पाहून गोल भोक आहे का, तेवढे तपासा. असेल तर छाटणी पिल्ले उडून जाईपर्यंत पुढे ढकला.