भामटा आणि मांत्रिक: एका पात्राचे दोन पेशे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिकाखेळात प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. क्लास म्हणजे त्याचा पेशा: कुणी तलवारबाज, कुणी पुजारी, कुणी पोथीपंडित मांत्रिक. पात्र अनुभव मिळवत १ ते २० लेव्हल चढत जाते आणि दर लेव्हलला त्या पेशातले काहीतरी नवे शिकते. एकच पेशा शेवटपर्यंत न धरता मध्येच दुसऱ्या पेशाच्या लेव्हल घेणे म्हणजे मल्टिक्लास. कुलपे उघडणारा, सावलीतून वार करणारा आणि शिवाय मंत्र जाणणारा असा लबाड मांत्रिक खेळणाऱ्यांचा फार आवडता आहे. चोरी आणि जादू हे दोन वेगळे पेशे असल्याने त्याच्या बाबतीत मल्टिक्लासचा प्रश्न हमखास येतो. चोरीच्या पेशाचे इंग्रजी नाव ‘रोग’ असे आहे. मराठीत त्याचा अर्थ व्याधी होतो, म्हणून पुढे त्याला भामटा म्हटले आहे.

हे पात्र जवळजवळ खेळाइतकेच जुने आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि चोराचा क्लास १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत मिळाला. त्यामागे फ्रिट्झ लायबर यांच्या कथांमधला ग्रे माउसर उभा होता. तो तरबेज चोर, पण तरुणपणी एका मांत्रिकाचा शिष्य राहिलेला. खेळाच्या जुन्या नियमांतही वरच्या लेव्हलच्या चोराला मंत्रांच्या गुंडाळ्या वाचण्याची मुभा होती, मात्र मंत्र फसण्याचा धोका पत्करून. आजचे बहुतेक खेळाडू २०१४ ची पाचवी आवृत्ती किंवा तिचे २०२४ चे सुधारित रूप वापरतात. पुढचा हिशेब या आवृत्तीचा आहे.

मल्टिक्लाससाठी पहिली अट गुणांची. सोडायच्या आणि धरायच्या, दोन्ही पेशांच्या मुख्य गुणात किमान १३ लागतात. भामट्याचा मुख्य गुण डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई. पोथीपंडित मांत्रिक म्हणजे विझर्ड; त्याचा इंटेलिजन्स, म्हणजे बुद्धी. सॉर्सरर, वॉरलॉक आणि बार्ड या जादूच्या आणखी तीन पेशांचा कॅरिस्मा, म्हणजे माणसावर छाप पाडण्याची ताकद. त्यामुळे पात्र बुद्धीने जादू करणार की कॅरिस्माने, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. दोन्ही वाढवू पाहणाऱ्याचे एक ना धड भाराभर चिंध्या असे होते.

दुसरी गोष्ट मंत्रांच्या मोजदादीची. नवे खेळाडू बहुधा इथेच चुकतात. मंत्र टाकण्याची शक्ती स्पेल स्लॉटमध्ये मोजली जाते. विझर्ड, बार्ड, सॉर्सरर यांच्या लेव्हल पूर्ण धरतात. आर्केन ट्रिक्स्टर या जादूगार भामट्याच्या लेव्हलचा तिसरा हिस्सा धरतात आणि अपूर्णांक सोडून देतात. या बेरजेवरून स्लॉट ठरतात. मंत्र मात्र प्रत्येक पेशात स्वतंत्रपणे, तो एकच पेशा असल्यासारखे शिकले जातात. समजा, एखादे पात्र ९ लेव्हल आर्केन ट्रिक्स्टर आणि ३ लेव्हल विझर्ड आहे. बेरीज ३ अधिक ३ म्हणजे ६, आणि त्यावर तिसऱ्या पातळीचे स्लॉट मिळतात. पण दोन्ही पेशांत त्याचे शिक्षण दुसऱ्या पातळीच्या मंत्रांपर्यंतच झालेले असते. फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र. तो टाकण्याएवढी शक्ती अंगात असूनही मंत्रच ठाऊक नाही. ते स्लॉट खालचे मंत्र जोर लावून टाकण्यापुरते उरतात.

तिसरी किंमत उशिराची, आणि सगळ्यांत जास्त तीच जाणवते. गुण वाढवण्याची संधी पेशातल्या चौथ्या लेव्हलला मिळते, पात्राच्या एकूण लेव्हलचा त्याच्याशी संबंध नाही. ३ लेव्हल भामटा आणि ३ लेव्हल विझर्ड असे सहाव्या लेव्हलचे पात्र ती संधी एकदाही न मिळता खेळत राहते. शेजारी बसलेल्याच्या एकाच पेशाच्या पात्राला ती केव्हाच मिळून गेलेली असते. भामट्याचे मुख्य शस्त्र म्हणजे स्नीक अटॅक. शत्रूचे लक्ष दुसरीकडे असताना केलेल्या वाराला त्यामुळे सहा पैलूंचे जादा फासे मिळतात, भामट्याच्या दर विषम लेव्हलला एक वाढीव. आठव्या लेव्हलच्या निखळ भामट्याला असे ४ फासे, म्हणजे सरासरी १४ इजा. ३ लेव्हल भामटा आणि ५ लेव्हल विझर्ड असलेल्याला फक्त २, म्हणजे ७. बदल्यात त्याला फायरबॉल मिळतो: ८ फासे, सरासरी २८, आणि तोही २० फूट त्रिज्येतल्या सर्वांवर. सौदा वाईट नाही. मात्र अशा पात्राने आपण आता सुरी बाळगणारे मांत्रिक आहोत, हे मान्य करून खेळावे. भामटा म्हणून त्याची धार गेलेली असते.

म्हणून मल्टिक्लासचा विचार करण्याआधी आर्केन ट्रिक्स्टर नीट पाहावा. भामट्याला तिसऱ्या लेव्हलला उपशाखा निवडायची असते, त्यातली ही एक. ती घेतली की पेशा न बदलता विझर्डच्या यादीतले मंत्र मिळतात. २०१४ च्या नियमांत ते मुख्यतः भुरळ आणि भासाचे असत, २०२४ मध्ये ही अडवणूक काढून टाकली. शिवाय एक अदृश्य जादुई हात मिळतो. त्या हाताने ३० फुटांवरूनही पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली काढता येते.

पाचव्या लेव्हलच्या आर्केन ट्रिक्स्टरची एक पाळी पाहिली, तर ही उपशाखा किती भरीव आहे ते कळते. फाइंड फॅमिलियर या मंत्राने बोलावलेले घुबड शत्रूच्या तोंडासमोरून झेप घेत त्याला विचलित करते आणि निसटून जाते. त्यामुळे भामट्याला वीस पैलूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो आणि स्नीक अटॅकही लागू होतो. तो बूमिंग ब्लेड हा मंत्र म्हणत रेपिअर ही सडपातळ तलवार खुपसतो. वार लागला की रेपिअरचा आठ पैलूंचा एक फासा, डेक्स्टेरिटी १८ असेल तर वर ४, स्नीक अटॅकचे ३ फासे आणि मंत्राचा आठ पैलूंचा आणखी एक: सरासरी २३ च्या वर. मग कनिंग अॅक्शन ही भामट्याची क्षमता वापरून तो प्रतिवार न खाता मागे सरकतो. आता शत्रूची पंचाईत होते. पाठलागासाठी त्याने पाऊल उचलले, की मंत्राचा गडगडाट त्याला आणखी २ फाश्यांची इजा करतो. जागीच उभा राहिला, तर भामटा हाताला लागत नाही. एवढे सगळे एकाच पेशात जमते, गुणवाढही रखडत नाही. ज्याला मुळात चोर खेळायचा आहे आणि जादू तोंडी लावण्यापुरती हवी आहे, त्याने इथेच थांबावे.

मुळात जादूच हवी असेल, तर गणित उलटे करावे आणि भामट्याच्या लेव्हल थोड्या ठेवाव्यात. पहिल्या लेव्हलला स्नीक अटॅकचा एक फासा, दोन कौशल्यांत दुप्पट प्रावीण्य आणि कुलपे उघडण्याची हत्यारे मिळतात. दुसऱ्या लेव्हलला कनिंग अॅक्शन मिळते: त्याच पाळीत लपणे, धावणे किंवा निसटणे. नाजूक अंगाच्या मांत्रिकाचा जीव यामुळे कितीदा तरी वाचतो. दोन लेव्हल भामटा आणि उरलेल्या सर्व विझर्ड ही जुळणी साधी दिसते, पण टिकाऊ आहे. तिची किंमत एवढीच की प्रत्येक नव्या पातळीचा मंत्र दोन लेव्हल उशिरा हाती येतो. फायरबॉल पाचव्याऐवजी सातव्या लेव्हलला.

कॅरिस्माच्या वाटेवर चित्र निराळे. भामट्याची स्वॅशबकलर ही उपशाखा कॅरिस्मावर चालते आणि शत्रूशी एकट्याने भिडतानाही स्नीक अटॅक देते. वॉरलॉकचे स्लॉट बाकीच्या बेरजेत धरत नाहीत. ते मोजकेच असतात, पण तासाभराच्या विश्रांतीने पुन्हा भरतात. त्याच्या तीन लेव्हल घेतल्या, की काळोख पसरवणारा डार्कनेस मंत्र आणि त्या काळोखातही पाहणारी डेव्हिल्स साइट ही दृष्टी एकत्र येतात. शत्रू आंधळा होतो आणि जवळपास प्रत्येक वार स्नीक अटॅक ठरतो. पण त्या काळोखात सोबतीही आंधळे होतात. दर लढाईत असे करणाऱ्या खेळाडूवर टेबलाभोवतीचे मित्र वैतागतात, आणि तो वैताग रास्त असतो. वॉरलॉकचा नावाजलेला एल्ड्रिच ब्लास्ट स्नीक अटॅकशी जुळत नाही, कारण तो शस्त्राचा वार नव्हे.

सॉर्सररकडून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सटल स्पेल: ओठ न हलवता, हात न उचलता टाकलेला मंत्र. भर दरबारात कुणाला संशय न येता जादू करणारा भामटा यातूनच घडतो. बार्डची गोष्ट थोडक्यात संपते. दुप्पट प्रावीण्य, भुरळ घालणारे मंत्र आणि वरच्या पातळीपर्यंतचे स्लॉट त्याच्याकडे मुळातच असल्याने त्याला भामट्याच्या एक-दोन लेव्हल पुरतात. पुष्कळदा तेवढ्याचीही गरज नसते.

पहिली लेव्हल कोणत्या पेशाची घ्यावी, यालाही महत्त्व आहे. भामट्यापासून सुरुवात केली तर चार कौशल्ये मिळतात, नंतर भामटा झाल्यास एकच. सॉर्सररपासून सुरुवात केली, तर कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या चिवटपणाचा, बचाव पक्का होतो आणि मार खातानाही चालू मंत्र तुटण्याची भीती कमी होते. नंतर घेतलेला पेशा असा बचाव देत नाही. चोरीवर भर असेल तर पहिल्या वाटेने जावे, दीर्घकाळ चालणाऱ्या मंत्रांवर भर असेल तर दुसऱ्या.

२०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम आहे. तो लागू करायचा की नाही, हे खेळ चालवणारा डंजन मास्टर ठरवतो. तेव्हा कागदावर लेव्हलची बेरीज-वजाबाकी मांडण्याआधी त्याला विचारून घ्यावे.